स्कूबा फ्री, फॉर्मवर सगळं ‘नाही’

दिवाळीची सुट्टी जवळ आली की बार्शीतल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निळंशार चित्र फिरायला लागतं. अंदमान, ५ रात्री ६ दिवस, सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, आणि खाली पिवळ्या चांदणीत ठळक अक्षरांत ‘स्कूबा डायव्हिंग फ्री’. यंदा ते चित्र आमच्याही घरात शिरलं. मग मी तीन टूरवाल्यांकडे जाऊन बसलो आणि हॅवलॉकच्या (आता स्वराज द्वीप म्हणायचं) दोन डाइव्ह सेंटरना फोन केले. त्यातून जे कळलं त्यावर ही पोस्ट आहे. लांब आहे. ज्यांचं बुकिंग झालंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आमच्या घरात चार माणसं. मी पंचेचाळिशी ओलांडलेला, बायकोला दमा आहे, पर्समध्ये पंप कायम असतो. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ८. हे सगळं मी तिन्ही ठिकाणी स्वतःहून सांगितलं. पहिला म्हणाला, “काही टेन्शन नाही सर, तिथली पोरं धरून नेतात.” दुसऱ्याने विषय हॉटेलच्या स्विमिंग पूलकडे वळवला. तिसरा मात्र मनमोकळा निघाला. “मुलाचं वय दहा टाका, कोण बघतंय? आणि मॅडमचा पंप असू दे बॅगेत. तिथे एक फॉर्म देतात, त्यावर सगळीकडे ‘नाही’ टिक करायचं असतं. सगळे तसंच करतात.”

सगळे तसंच करतात. मंडळी, माझं भांडण या तीन शब्दांशी आहे.

तो फॉर्म काय असतो ते आधी बघा. स्कूबाच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था वापरतात ती प्रश्नावली आहे. दमा आहे का, हृदयाचा त्रास, फिट, मधुमेह, कानाचं किंवा सायनसचं ऑपरेशन, गरोदरपण. वय ४५ च्या पुढे असेल तर सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल, घराण्यात हार्टचा त्रास. एखाद्या ठिकाणी ‘हो’ आलं म्हणजे लगेच बंदी, असंही नाही. डॉक्टरने तपासून सही दिली की जाता येतं. म्हणजे ‘हो’ची किंमत काय, तर आपल्या डॉक्टरकडे एक चक्कर. ती टाळण्यासाठी आपण बायको-पोरांबद्दल खोटं लिहितो आणि खाली सही ठोकतो. उद्या काही झालं तर पहिला कागद तोच पुढे येणार, आणि त्यावर सही आपली असणार, टूरवाल्याची नव्हे. बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये साहसी खेळ मुळात वगळलेले असतात ते वेगळंच.

“अहो, दहा मिनिटांचा तर खेळ, त्यात काय होतंय?” असं म्हणणारे आमच्या कट्ट्यावरही आहेत. त्यांच्यासाठी जरा विज्ञान.

पाण्याच्या पृष्ठभागावर आपल्यावर जितका दाब असतो, त्याच्या दुप्पट दाब १० मीटर खाली असतो. तोंडातलं यंत्र त्या खोलीला त्याच दाबाची हवा देतं. म्हणून तिथे छाती भरून घेतलेल्या श्वासाला वर येईपर्यंत दुप्पट जागा लागते. श्वास चालू असेल तर जादा हवा आपोआप निघून जाते. पण माणूस घाबरला, श्वास कोंडून वर झेपावला, तर फुप्फुसाला इजा होते. त्यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही, दीड-दोन मीटरही पुरतात. म्हणून स्कूबाचा पहिला नियम एकच: श्वास रोखायचा नाही.

आता आपल्याकडची पोरं पोहायला कुठे शिकतात? विहिरीत. पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावर बापाच्या नाहीतर काकाच्या हातात. आणि पहिला धडा कोणता? “तोंड मिट, श्वास धर, मार उडी.” म्हणजे जे पोरगं आपल्याकडे पट्टीचं पोहणारं म्हणून मिरवतं, त्याच्या अंगात नेमकी उलटी सवय मुरलेली आहे. ती सवय सोडवायला उथळ पाण्यात अर्धा-पाऊण तास शांतपणे सराव घ्यावा लागतो. ‘फ्री’ स्कूबामध्ये तो अर्धा तास कुठून येणार? मागे पुढची बॅच कपडे बदलून उभी असते.

दम्याचं तेच. श्वासनलिका आकसली की फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकून राहते. वर येताना ती फुगते आणि तिला वाट नसते. पंप बॅगेत आहे, बॅग बोटीत आहे, बोट डोक्यावर दहा मीटर. काय उपयोग?

कानाचं तर तीन मीटरच्या आतच सुरू होतं. नाक दाबून हलकेच हवा फुंकायची, कान मोकळे करायचे, मग पुढे. सर्दी असेल तर ते होत नाही, आणि तसंच खाली रेटलं तर पडदा फाटू शकतो. सहलीतल्या पोराला सर्दी नसते असं कधी झालंय?

आणि ती पाठीवरची टाकी. आमच्याच पेपरांत दर सीझनला ‘ऑक्सिजन सिलिंडर लावून’ अशा बातम्या येतात. त्यात ऑक्सिजन नसतो हो, दाबून भरलेली साधी हवा असते. कॉम्प्रेसर कुठे ठेवलाय, त्याच्या तोंडाशी डिझेलचा धूर येतो का, फिल्टर कधी बदलला, यावर त्या हवेची प्रत ठरते. बाटलीबंद पाण्याचं सील तपासून घेणारे आपण हे कधी विचारत नाही.

मुलाच्या वयाचं सांगतो. समुद्रात स्कूबा करायला बहुतेक ठिकाणी किमान वय १० आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवतात, पण तलावात, जास्तीत जास्त २ मीटर पाण्यात. नवशिक्या प्रौढालासुद्धा प्रशिक्षक १२ मीटरच्या खाली नेत नाही. दहा-अकरा वर्षांचं मूल असेल तर एका प्रशिक्षकाकडे दोनच जण. मी फोन केलेल्या एका सेंटरच्या मुलीने मला अर्ध्या मिनिटात सांगितलं: मुलगी चालेल, मुलगा नाही, मॅडमना डॉक्टरचं पत्र आणा, तुम्हीही फॉर्म बघून डॉक्टरला भेटा. तिचा रेट आमच्या टूरवाल्याच्या ‘फ्री’पेक्षा अर्थातच जास्त आहे.

फ्री काहीच नसतं हे बाजार समितीच्या गावाला मी सांगायला नको. हॅवलॉकला चांगल्या ठिकाणी एका माणसाच्या एका डाइव्हला साडेतीन-चार हजार आणि पुढे पडतात. ते पॅकेजमध्ये फुकट बसवायचे तर कुठेतरी कात्री लावावी लागते. हॉटेलच्या खोलीला लावली तर तुम्ही आल्या आल्या बोंब मारता. पाण्याखाली काय कापलं ते तुम्हाला दिसत नाही.

एका पॅकेजचा कार्यक्रम माझ्यासमोर आहे. शेवटच्या दिवशी सकाळी ७ ला स्कूबा, साडेनऊची बोट, दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान. डाइव्हिंगमध्ये शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो. सोड्याची बाटली उघडली की बुडबुडे येतात, तसं विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास विमानात बसायचं नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. दहा मिनिटांच्या उथळ डाइव्हला धोका कमी, मान्य. पण ज्याने हा कार्यक्रम छापला त्याला नियम माहीतच नाही, किंवा माहीत असून फिकीर नाही. दोन्हीपैकी काय बरं, तुम्हीच ठरवा. तोच स्कूबा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घेतला असता तर एक पैसा जास्त लागला नसता.

काही जण म्हणतील, अंदमान लांब राहिलं, आम्ही आपले मालवणला जाऊन येतो. जरूर जा. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे त्याच्या आसपासच आपल्या निम्म्या महाराष्ट्राने पाण्याखालचा पहिला फोटो काढलाय. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, नोंदणीची अट आहे. कागदावर सगळं आहे. आणि २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोन जण गेले, हेही आहे. पाण्याखाली नव्हे, परतताना. म्हणून बोटीत किती माणसं, अंगात लाइफ जॅकेट आहे की सीटखाली रचलंय, हेही विचारायचं. त्या दुर्घटनेच्या बातम्या चार दिवस चालल्या. पाचव्या दिवशी आम्ही पत्रकार दुसरीकडे आणि पर्यटक पुन्हा “हजारात करतो का?” म्हणत काउंटरवर.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. “पत्रकार साहेब, तुम्ही कोळ्यांच्या पोरांच्या पोटावर पाय देताय.” उलट आहे. मालवणचा दर्यावर्दी पोरगा समुद्राबद्दल तुमच्या-माझ्यापेक्षा शंभर पट जाणतो. त्यातली कितीतरी मुलं रीतसर शिकून उत्तम डाइव्हर झाली आहेत. त्यांना मारतं कोण? घासाघीस करून हजाराचे सहाशे करणारा पर्यटक, आणि त्या सहाशेत स्वतःचं कमिशन काढणारा एजंट. मग त्या पोराला दिवसभरात माणसं मोजून खाली न्यावी लागतात, आणि तीन मिनिटं शिकवून एकाला गळपट्टी धरून न्यायचं, फोटो काढायचा, वर आणायचं, की दुसरा. हे त्याने निवडलेलं नाही.

फोटोवरून आठवलं. मासे जमावेत म्हणून पाण्याखाली पाव कुस्करतात, आणि फोटोसाठी “धरा, धरा” म्हणत प्रवाळावर हात ठेवायला लावतात. प्रवाळ हा दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत जागा आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. समुद्र तापल्यामुळे जगभर प्रवाळ पांढरं पडतंय, २०२४ मध्ये त्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली. त्यात वरून आपल्या पोरांचे पाय. शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प करायचा, चार्टवर कोरल रीफ रंगवायचं, आणि सुट्टीत त्यावर उभं राहून अंगठा दाखवायचा!

मी स्कूबाच्या विरोधात नाही, हे एव्हाना कळलं असेल. दुष्काळी पट्ट्यातल्या पोरांनी समुद्र आतून बघावा असं मला मनापासून वाटतं. आमचा बेत असा ठरलाय: मुलगी तिसऱ्या दिवशी जाईल, आधी उथळ पाण्यात सराव करून. मी डॉक्टरने सही दिली तर तिच्या पुढच्या बॅचला, कारण एकाने काठावर थांबायचं. बायको छातीच्या डॉक्टरांना विचारून ठरवेल, आणि ते नको म्हणाले तर मुलासोबत काचेच्या तळाच्या बोटीत बसेल. मुलगा रुसलाय. रुसू दे, दोन वर्षांनी तो दहाचा होईल.

आता बार्शी-कुर्डुवाडी-वैराग पट्ट्यातल्या टूरवाल्यांना जाहीर विचारतो, कारण खाजगीत विचारलं तर पूल दाखवता. तुमच्या पॅकेजमधलं स्कूबा नेमकं कोणत्या सेंटरमध्ये आहे, त्याचं नाव बुकिंगच्या पावतीवर लिहून द्याल का? एका प्रशिक्षकामागे किती जण? वैद्यकीय फॉर्म इथे, बार्शीत, निघायच्या पंधरा दिवस आधी भरून घ्याल का, म्हणजे डॉक्टरकडे जायला वेळ मिळेल? आणि डॉक्टरने नको म्हटलं तर त्या माणसाचे पैसे परत की बुडाले?

उत्तरं लेखी पाठवा. जी येतील ती तुमच्या नावानिशी याच पेजवर टाकतो, एक शब्द न कापता. आमच्या चार तिकिटांचे पैसे अजून कोणाला दिलेले नाहीत.