एलायझा परत येत नाही

'माय फेअर लेडी' बघून बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' वाचायला घेणारा माणूस शेवटच्या अंकात हमखास अडखळतो. फुलं विकणारी एलायझा नाटकात तिला बोलायला शिकवणाऱ्या प्रोफेसर हिगिन्सकडे परत येतच नाही. हिगिन्स तिला हॅम, स्टिल्टन चीज, स्वतःसाठी हातमोजे आणि टाय आणण्याचं फर्मान सोडतो. ती त्याला फटकारून त्याच्या आईबरोबर चालती होते आणि पडदा पडतो.

हा शेवट कुणालाच पचला नाही. 1914 साली लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेले हर्बर्ट बीरबोम ट्री पडदा पडायच्या आत एलायझाकडे फुलं फेकत. प्रेक्षक खूश, शॉ संतापलेला. त्याने 1916 मध्ये नाटकाला चांगला लांबलचक उपसंहारच जोडला. एलायझाचं लग्न तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी होतं, हिगिन्सचा मित्र कर्नल पिकरिंगच्या पैशांवर एका रेल्वे स्टेशनच्या कमानीखाली तिचं फुलांचं दुकान निघतं. ते नीट चालत नाही. हिशेब दोघांनाही येत नाही. मग शिकवण्या, टंकलेखनाचे वर्ग, असले खटाटोप. शेवटी फुलांच्या जोडीला भाजीपाला ठेवल्यावर गाडी रुळावर येते. प्रेमकथेच्या शेवटी शतावरीच्या कोवळ्या कोंबांची विक्री आणून ठेवणारा नाटककार विरळाच. हा उपसंहार रंगमंचावर येऊ शकत नाही. तो वाचावाच लागतो.

वाचण्यासारखं आणखीही बरंच आहे. शॉच्या रंगसूचना म्हणजे छोट्या कादंबऱ्याच. हिगिन्सच्या प्रयोगशाळेतला फोनोग्राफ, स्वरनलिका तपासायचा आरसा, ट्यूनिंग फोर्क सगळं तो मांडून दाखवतो. पहिल्या अंकात एलायझाची बोली जशीच्या तशी लिहायला जातो आणि काही ओळींतच, हे लंडनबाहेर कुणाला कळायचं नाही अशी माफी मागून, नाद सोडतो. नट ही गंमत दाखवू शकत नाही.

सिनेमाशी मात्र शॉचं वाकडं नव्हतं. 1938 च्या चित्रपटाच्या पटकथेत त्याचा हात होता. त्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं. नोबेल 1925 चं आधीच घरात होतं. नाटकात नसलेला राजदूताकडच्या मेजवानीचा प्रसंग पडद्यासाठी लिहिला गेला आणि पुढे 1941 च्या पेंग्विन आवृत्तीत तो नाटकातच येऊन बसला. अशा भागांभोवती तारकांच्या ओळी छापून शॉने कळवलं, की हे सगळं पडद्यावर किंवा फार सुसज्ज रंगमंचावरच जमेल. म्हणजे आज जे 'मूळ नाटक' म्हणून हातात पडतं, त्यात बहुतेक वेळा थोडा सिनेमा आधीच मुरलेला असतो.

पण शेवट? तिथे निर्मात्यांनी शॉचं ऐकलं नाही. चित्रपटात एलायझा परत येते आणि हिगिन्स पाठमोरा बसून सपाता कुठे आहेत असं विचारतो. नाटकाच्या चौथ्या अंकात ह्याच सपाता तिने त्याच्या अंगावर भिरकावलेल्या असतात! हा शेवट 'माय फेअर लेडी' या 1956 च्या संगीतिकेत आणि तिथून 1964 च्या आठ ऑस्करवाल्या चित्रपटात गेला. संगीतिकेचे लेखक अ‍ॅलन जे लर्नर यांनी तर शॉचं म्हणणं आपल्याला पटत नाही, असं छापील प्रतीत सांगूनच उपसंहार गाळला. हा प्रामाणिकपणा मानायला हवा, निर्णय नव्हे. ज्या मुलीला नोकराणी म्हणून राहायचं नाही, तिला सपाता शोधायला लावणं म्हणजे पाचव्या अंकातल्या तिच्या सगळ्या युक्तिवादावर बोळा फिरवणं.

मराठी वाचकाला ही गोष्ट पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' या रूपांतरामुळे घरची वाटते. 1975 पासून भक्ती बर्वेंची मंजुळा आणि सतीश दुभाषींचे प्रोफेसर जहागीरदार लोकांच्या मनात असे ठसले, की मूळ पुस्तक उघडायची गरजच कुणाला भासली नाही. बासू चटर्जींच्या 'मन पसंद' चित्रपटापासून 2023 च्या 'फुलराणी' चित्रपटापर्यंत कथानक फिरत राहिलं. शॉ मात्र कपाटातच राहिला.

तेव्हा 'पिग्मॅलियन' विकत घ्याल तर दुकानातच शेवटची पानं चाळून बघा. उपसंहार नसेल तर ती प्रत परत ठेवा आणि दुसरी मागा.