गोड बोरीची नोंद कोण ठेवणार?

सेलू तालुक्यातलं वालूर घ्या, नाहीतर मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव. कोणती बोर गोड आणि कोणती तुरट, हे तिथल्या शाळकरी पोरांना पाठ असतं. एकाच बांधावर दोन बोरी असतात. एकीखाली गर्दी, दुसरीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पोरं खेळता खेळता जे करतात त्याला कृषिशास्त्रात 'निवड' म्हणतात. रानातलं झाड शेतात आणायची ही पहिली पायरी.

दुसरी पायरी कलमाची. बोर, जांभूळ, चिंच यांचं बियांपासून आलेलं रोप आईच्या वळणावर जाईलच असं नाही. गोड झाडाचं बी लावलं तरी फळ आंबट निघू शकतं, आणि हे कळेपर्यंत चिंचेची आठ-दहा वर्षं गेलेली असतात. कलमात मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरतात. शिवाय कलमी चिंच चौथ्या-पाचव्या वर्षीच फळायला लागते. 2015-16च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी फक्त 1.34 हेक्टर जमीन आहे. एवढ्याशा रानात दहा वर्षं वाट बघणं कुणाला परवडतं?

आता चिंच मूळची आफ्रिकेची, पण शेकडो वर्षांत ती इथलीच झाली. बोर आणि जांभूळ तर अस्सल इथलेच. सोयाबीन पावसाच्या एका खंडात माना टाकतं, तेव्हाही ही झाडं तग धरून असतात.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळांवरून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' हा वाण दिला. 2023मध्ये बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबाग केंद्राचा 'प्रतिष्ठान' हा चिंचेचा वाण आहे. बाहेरच्या जगातही हेच चाललंय. नैरोबीच्या 'इक्राफ' या संस्थेने कॅमेरूनमध्ये साफू नावाच्या रानफळावर काम केलं. तिथे चांगली झाडं निवडायचं काम शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांच्या बरोबरीने केलं आणि रोपवाटिका गावातच उभ्या राहिल्या.

मग आपल्याकडे अडतं कुठे?

एक, पैशाच्या वेळापत्रकात. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत चिंच आणि जांभूळ आहेत, पण अनुदान तीन वर्षांत संपतं आणि चिंच फळते त्यानंतर. मधली वर्षं शेतकऱ्याने काढायची कशी? ओळींमध्ये मूग, हरभरा घेता येतो, पण हे कलमाबरोबर कुणीतरी समजावून सांगायला हवं.

दोन, बाजारात. गावाकडे चिंचेचं झाड बऱ्याचदा 'उक्तं' दिलं जातं. व्यापारी फळ झाडावर असतानाच अंदाजाने रक्कम ठरवतो. फोडलेली, चिंचोका काढलेली चिंच, शीतगृहातली साठवण, चिंचोक्याची पूड, यातला नफा बांधापासून लांबच राहतो. वाण कितीही चांगला आणा, विक्री उक्तीच राहिली तर वाढीव पैसा शेतकऱ्याच्या हातात येणार नाही. गावातल्या बचत गटाने चिंच फोडून विकली, तर मजुरी आणि भाव दोन्ही गावात राहतात.

तीन, कायद्यात. 1964च्या वृक्षतोड कायद्यात चिंच, जांभूळ, मोह ही झाडं येतात. ती तोडायला परवानगी लागते. हेतू चांगलाच आहे, पण 'उद्या नको झालं तर तोडताही येणार नाही' या धास्तीने लोक रोपच लावत नाहीत. 2014च्या राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरणानेही ही अडचण मान्य केली आहे.

या तिन्हींवर उपाय निघू शकतात. ज्यावर उपाय नाही ती गोष्ट वेगळीच आहे. रस्ता रुंद होताना, बांध कोरताना गोड बोर पडली, तर तिचे गुणही तिच्याबरोबर गेले. तिची कलमकाडी पुन्हा मिळत नाही. म्हणून अनुदानाच्याही आधी नोंद हवी: कुणाचा बांध, कोणतं झाड, फळ कधी येतं, चव कशी, दुष्काळात टिकलं का. 2001च्या वाण संरक्षण कायद्यानुसार शेतकरी आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवू शकतो. गावाने जपलेल्या झाडाचं श्रेय दुसऱ्याने नेऊ नये, तर हा कायदा कॉलेजातल्या पोरांनीच घरी समजावून सांगायला हवा.

वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी साफ केली, तेव्हा कुठे तिच्याकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. झाडांसाठी तर गाळही उपसायचा नाही. एनएसएसच्या शिबिरात सात दिवस असतात. त्यातला एक दिवस वही घेऊन बांधावर गेलात तरी पुष्कळ. सुरुवात शाळकरी पोरांना विचारून करा, गोड बोर कुठे आहे ते त्यांना पाठ असतं.