माईक चालू राहिला, हाच गुन्हा

टिम पीलने निवृत्तीचा महिना स्वतः ठरवला होता: एप्रिल २०२१. १९९९पासून तो एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये रेफरी होता. १३००हून जास्त सामने झाले होते, महिनाभर उरला होता. २३ मार्चला नॅशव्हिल-डेट्रॉइट सामन्यात त्याने नॅशव्हिलच्या व्हिक्टर अर्विडसनला पाय घालून पाडल्याबद्दल पेनल्टी दिली. थोड्या वेळाने त्याचाच आवाज टीव्हीवर ऐकू आला. त्यात फार काही नव्हतं, पण मला नॅशव्हिलला लवकर एक पेनल्टी द्यायचीच होती, अशा अर्थाचं. मध्ये एक कचकचीत शिवी.

दुसऱ्याच दिवशी लीगने जाहीर केलं की पील आता किंवा यापुढे कधीही एनएचएलचा सामना घेणार नाही.

पील निर्दोष नव्हता. पेनल्टी म्हणजे २ मिनिटं एक खेळाडू कमी, आणि अशा वेळी गोल खायची शक्यता वाढते. (नॅशव्हिलने तो सामना २-० जिंकला, ही गोष्ट वेगळी.) पण लीगला धक्का बसला म्हणे! कशाचा? हिशोब बरोबरीत ठेवणारी पेनल्टी आइस हॉकी बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. 'आता यांच्यावर एक येणार' असं कॉमेंटेटर आधीच सांगून मोकळे होतात. गल्लीत आपण 'मघाशी तुम्हाला दिलं, आता आम्हाला' म्हणतो, तेच. नियमपुस्तक ६० मिनिटं तेच असतं, तरी अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत शिट्टी खिशात जाते आणि 'खेळाडूंना खेळू दिलं' म्हणून रेफरीचं कौतुक होतं. प्लेऑफचे सामने कोणाला द्यायचे हे लीगच ठरवते. साहेबांना काय आवडतं ते रेफरी शिकणारच की.

आणि साहेब कोण? पीलला काढताना खेळाच्या सचोटीवर निवेदन दिलं कॉलिन कॅम्पबेल यांनी. एका रेफरीच्या बडतर्फीच्या खटल्यातून त्यांचे जुने ईमेल २०१०मध्ये लोकांसमोर आले होते. त्यांचा मुलगा तेव्हा याच लीगमध्ये खेळत होता, आणि त्याच्यावर दिलेल्या पेनल्टीबद्दल साहेब थेट रेफरींच्या प्रमुखाकडे चरफडत होते. ते आपल्या खुर्चीत राहिले. रेफरीने एक वाक्य बोललं तर २४ तास पुरतात.

घाई का, तेही मला दिसतं. २०१८पासून लीगचे बेटिंगवाल्या कंपन्यांशी करार आहेत. निकालावर लोकांचे पैसे लागलेत म्हटल्यावर 'मला द्यायचीच होती' हे वाक्य धंद्याला परवडत नाही. पेनल्टी परवडते, वाक्य नाही.

पीलला उरलेले सामने दिले नाहीत, ठीक. पण आधी त्याला समोर बसवून विचारा, बाबा, ही सवय तुला लावली कोणी? आणि त्याचं उत्तर, शिव्यांसकट, छापा.