दार बंद करून बसायचं कुठे?

आमच्या वस्तीतली एक मैत्रीण चाळिशीत ऑनलाइन पदवीची परीक्षा देत होती. नियम असा : खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको. घर दहा बाय बाराचं, माणसं पाच. सासूबाई खोकल्या, धाकटा मध्ये आला आणि तिच्यावर ‘गैरप्रकारा’चा शिक्का बसला. आम्ही दोघींनी अर्ज केला. उत्तर आलं, “नियम सर्वांना सारखेच.”

सारखे? मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा मला अभ्यासाला खोली होती, ताट आई वाढत होती. म्हणून मी हुशार ठरले! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं की स्वतः वापरायला मोबाइल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच होता.

१८५५ मध्ये फुले दांपत्यानं कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. शाळेनं आपली वेळ शिकणाऱ्यांच्या सवडीवर बेतली.

विद्यापीठांकडे आपण मागू या : जवळच्या केंद्रात परीक्षेचा पर्याय, तिथे पाळणाघर, स्वाध्यायांना वाढीव मुदत आणि कारवाईआधी तिचं म्हणणं ऐकून घेणं. मैत्रिणींनो, आपापल्या गटात असे अनुभव लिहून काढा. एकटीचा अर्ज फायलीत पडतो. शंभरजणींचा पडू द्यायचा नाही.