डोळ्यावरची पट्टी
आई-वडील चाकणला पहिल्या शिफ्टला गेले, की काही मुलांना पट्टी शाळेतच लावावी लागते. आणि वर्गात "काण्या आला!" असे ओरडणारे असतातच. मला हे मुळीच पटत नाही.

काहींचा एक डोळा दूर पाहताना किंवा दमल्यावर बाहेर वळतो. मेंदू मग त्याचे चित्र बाजूला सारतो. ही सवय मोडावी म्हणून रोज काही तास दुसरा डोळा झाकतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत ३ ते १० वर्षांच्या मुलांना ५ महिने रोज ३ तास पट्टी दिली. सहा महिन्यांत स्थिती बिघडली ती शंभरात एकाहून कमी मुलांची. पट्टी न लावलेल्यांत सुमारे सहांची. म्हणजे पट्टीविनाही बहुतेकांचे बिघडले नाही, हे खरे. ती लावायची की नाही, ते नेत्रतज्ज्ञ ठरवतील. पण तुमच्या हसण्याने ती दप्तरात गेली, तर त्यांनी तरी काय करावे?