गृहव्यवहार : चारही चाकांस जोर असलेली जुनी गाडी

चार घरच्या मंडळींच्या बैठकींत मोटारीची गोष्ट निघाली म्हणजे हल्लीं 'फोर बाय फोर' हा शब्द हमखास कानीं पडतो. तरुण मंडळी तो मोठ्या उत्साहानें उच्चारतात, वडील मंडळी संशयानें ऐकतात, आणि घरांतील ज्या स्त्रियांना त्या गाडींत मागच्या बाजूस बसून धक्के खावयाचे असतात त्यांना बहुधा कोणी विचारीत नाहीं. कोंकणांतलें मूळ घर, कुलदेवीचें डोंगरावरचें ठाणें, किंवा भावाभावांत अद्याप वाटणी न झालेली कलमांची बाग, यांपैकीं कांहीं तरी पुष्कळ कुटुंबांच्या मागें असतेंच. आणि डांबरी सडक संपल्यानंतरचा शेवटचा मैल-दीड मैल हाच सर्व प्रवासाचा कस पाहणारा भाग असतो. नव्या गाडीची किंमत ऐकून मन माघार घेतें, तेव्हां जुनीचा विचार सुरू होतो. एकट्याचा पैसा बुडाला तर तो एकटाच हळहळतो. सामायिक पैसा बुडाला म्हणजे त्याचा पाढा प्रत्येक सणावारीं म्हटला जातो. म्हणून हा व्यवहार जरा खोलांत जाऊन पाहूं.

प्रथम शब्दाचा अर्थ. सामान्य मोटारींत इंजिनाचा जोर दोनच चाकांस मिळतो. वळणावर बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां अधिक अंतर कापतें, म्हणून त्या दोन चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरूं देणारें दांतेरी चाकांचें एक गाठोडें मध्यें बसविलेलें असतें. त्यास डिफरन्शियल म्हणतात. हें मोठें सोयीचें, पण त्याचा स्वभाव असा कीं, ज्या चाकास विरोध कमी त्याच्याकडेच सर्व फिरणें वाहून जातें. एक चाक चिखलांत भिरभिरत राहतें आणि दुसरें कोरड्या दगडावर असूनही स्वस्थ उभें राहतें. पुढच्या दोन चाकांसही जोर दिला म्हणजे ही अडचण अर्धी कमी होते. सर्वस्वीं नाहींशी होत नाहीं. पुढचें एक आणि मागचें एक अशीं तिरपीं दोन चाकें अधांतरीं झालीं, तर चारही चाकांची म्हणविणारी गाडीदेखील तेथेंच खिळते. त्यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल अडकवून टाकणारा लॉक. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखा गाडींत तो पुढें व मागें दोहोंकडे मिळतो. महिंद्रांच्या थारमध्यें २०१५ पासून वरच्या आवृत्तींत मागच्या आंसास मिळूं लागला.

याहून महत्त्वाची, आणि जिच्याकडे घेणाऱ्याचें लक्ष क्वचितच जातें अशी गोष्ट म्हणजे 'लो रेंज'. गाडीच्या मुख्य गियरपेटीच्या मागें दुसरी एक लहान पेटी असते. तिचा दांडा खालीं ओढला कीं चाकांची गति दोन ते अडीच पट मंदावते आणि जोर तितकाच वाढतो. तीव्र चढावर क्लच न जाळतां मुंगीच्या पावलांनीं चढणें, आणि उतारावर ब्रेकवर पाय न ठेवतां इंजिनाच्या आधारानें उतरणें, हें तिच्यामुळेंच साधतें. ज्या गाडीस ती नाहीं ती ओल्या सडकेवर व सपाट चिखलांत उपयोगी पडेल, परंतु जांभ्या दगडाच्या उभ्या घाटींत तिचा भरंवसा धरूं नये. २०१४ सालीं निघालेली रेनॉल्ट डस्टरची चारही चाकांची आवृत्ति मोठी गुणी गाडी. पण ती या दुसऱ्या वर्गांतली.

आतां बाजारांत काय मिळतें तें पाहूं. या सर्व वंशाचा मूळपुरुष १९४१ सालची अमेरिकन लष्करी जीप. १९४७ सालीं तिची जुळणी मुंबईंत होऊं लागली, आणि पुढें कित्येक वर्षें आपल्याकडे अशा गाडीचें नांवच जीप झालें. १९८५ अखेर मारुतीची जिप्सी आली आणि २०१९ सालीं तिची नागरिकांसाठींची विक्री थांबली. अंगानें हलकी, टनाच्या आसपासची, त्यामुळें चिखलांत रुतत नाहीं आणि रुतलीच तर चार गडी तिला उचलून काढूं शकतात. परंतु पुढेंमागें कमानपाटे असल्यानें तिच्यांतून पांच तासांचा प्रवास केलेल्या माणसाच्या पाठीस तिचे गुण सांगूं नयेत! शिवाय ती पेट्रोलवर चालते, आणि २०२५ पर्यंत देशांतील बहुतेक पंपांवर पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें मिळूं लागलें. जुन्या गाडींतील रबरी नळ्या व पड्द्या त्यासाठीं केलेल्या नव्हत्या, तेव्हां त्या बदलण्याचा खर्च धरावा. थार २०१० सालीं प्रथम आली. २०२० च्या ऑक्टोबरांत नाशिकच्या कारखान्यांतून जी दुसरी आली ती नांवानें तीच, पण सर्वस्वीं निराळी आणि पुष्कळ सुधारलेली गाडी. मारुतीची जिम्नी २०२३ सालची. सफारी, स्कॉर्पिओ, क्वचित् बोलेरो, यांच्याही चारही चाकांच्या आवृत्त्या निघाल्या. मात्र त्यांतल्या बहुसंख्य गाड्या दोन चाकांच्याच आहेत, आणि २०२३ च्या जानेवारीपासून खुद्द थारही दोन चाकांच्या जोराची मिळूं लागली. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. मागच्या पत्र्यावर चिकटविलेल्या अक्षरांवर विसंबूं नये. तीं अक्षरें दुकानांत विकत मिळतात. आंत दुसरा दांडा आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि तो हलवून पाहावा.

येथें आम्ही घरांतल्या मंडळींच्या वतीनें बोलणार आहों. जिप्सींत व पहिल्या थारमध्यें मागचीं आसनें आडवीं, समोरासमोर असतात. तेथें पट्टे बहुधा नसतात, आणि एअरबॅग तर त्या दोन्ही गाड्यांत कोणासच नाहीं. सत्तरीच्या आजींना आणि कडेवरच्या मुलाला त्या बाकावर बसवून घाट चढणें म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. गाडी एकाएकीं थांबली तर तीं दोघें आडवींच फेकलीं जातात. दुसऱ्या पिढीच्या थारला २०२० च्या नोव्हेंबरांत ग्लोबल एनकॅपच्या धडक-परीक्षेंत पांचपैकीं चार तारे मिळाले, हें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण तिच्यांत माणसें चारच, मागें जावयाचें तर पुढचें आसन वांकवून, आणि सामान ठेवावें तर मांडीवर. ज्या कुटुंबांत सहाजण मिळून देवाला जातात त्यांनीं पुढें तोंड असलेल्या तीन ओळींची, चारही चाकांची स्कॉर्पिओ शोधावी; ती मिळण्यास विलंब लागेल, तो सोसावा. आणि एक बोचरा प्रश्न आरंभींच विचारून घ्यावा: वर्षांतून तो वाईट रस्ता आपण किती वेळां चढतों? दोनदां, तोही मे महिन्यांत व दिवाळींत, असें उत्तर आल्यास उंच अंगाची साधी बोलेरो, चांगले टायर आणि सावकाश हांकणारा माणूस एवढ्यानें भागतें. पावसाळ्यांत जावेंच लागत असेल तरच पुढचें वाचावें.

गाडी पाहावयास जातांना आपल्या ओळखीचा गॅरेजवाला बरोबर न्यावा आणि तिला रात्रभर उभीच ठेवण्यास आधीं सांगावें. बॉनेटला हात लावून तें गरम लागलें, तर विक्रेत्यानें थंडींतला आळस झांकण्यासाठीं ती अगोदर चालू केली असें समजावें. निळसर धूर निघाल्यास इंजिन तेल खात आहे. पांढरा धूर निघतच राहिला तर पाण्याची शंका घ्यावी. पण अशा गाडीची खरी कुंडली बॉनेटखालीं नसून पोटाखालीं असते. ती लिफ्टवर चढवून लोखंडी चासी टोंकापासून टोंकापर्यंत पाहावी. कोठें वेल्डिंगचा ताजा डाग, कोठें काळ्या रंगाचा नुकताच दिलेला जाड थर, कोठें दगडावर आपटून आलेली पोक, हीं सर्व गतायुष्याचीं पत्रें आहेत. समुद्रकांठच्या गाडीस गंज आंतून धरतो. लहान हातोडीनें ठोकून पाहावें, घट्ट लोखंडाचा आणि पोखरलेल्या लोखंडाचा आवाज निराळा. आसनांखालच्या रुळांवर तांबेरा, गालिच्याखालीं बारीक गाळ, दिव्यांच्या कांचेंत आंतून मातीची रेघ, अशी खूण आढळल्यास ती गाडी पुरांत उभी राहिलेली आहे. तिच्या विजेच्या तारा पुढें दोन वर्षें तुमचा पिच्छा पुरवतील. डिफरन्शियलची बूच काढून थोडें तेल पाहावें. तें दुधी चहाच्या रंगाचें दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे.

नंतर ती मोकळ्या मातीच्या मैदानांत न्यावी, डांबरावर नव्हे. अशा बहुतेक गाड्यांत पुढच्या व मागच्या आंसांमध्यें मोकळीक ठेवलेली नसते. वळतांना पुढचीं चाकें अधिक अंतर जातात, मातीवर तीं थोडीं घसरून हिशेब जुळवितात, परंतु कोरड्या सडकेवर तो ताण सगळा त्या लहान पेटीवर येतो. जो विक्रेता डांबरी रस्त्यावर चारही चाकें लावून दाखवितो त्यानें तें पूर्वीही पुष्कळदां केलें असणार. मैदानांत प्रथम वरची, मग खालची पायरी लावावी, सरळ व वळण घेत सावकाश जावें, आणि कडकड वाजतें कीं दांडा आपण होऊन सुटतो तें पाहावें. "साहेब, चार चाकें एकदांही वापरलीं नाहींत," हें वाक्य गुण म्हणून सांगितलें जातें. आम्ही तें तक्रार म्हणून ऐकतों. वर्षानुवर्षें न हललेला दांडा गंजून बसलेला असतो.

उंचावलेल्या, भल्यामोठ्या टायरांच्या, लोखंडी अडसरांनीं सजविलेल्या गाड्यांपासून मात्र चार हात दूर राहावें. त्यावर पूर्वीच्या मालकानें लाख खर्चले असतील, तो शोक त्याचा. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवाली गांवीं जुन्या जीपगाड्यांस नवें रूप देण्याचा मोठा धंदा आहे, आणि तेथील कारागीर हुशारही आहेत. पण इंजिन एकाचें, चासी दुसऱ्याची आणि कागद तिसऱ्याचे अशी गाडी घरीं आली तर तिचा वाली कोण? मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ रचनेंत फेरफार करण्यास मनाई करतें, सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं तीच भूमिका घेतली, आणि पुढील लोखंडी अडसरांविरुद्ध केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस कारवाई करावयास सांगितलें. अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रथम हेंच पाहते.

कागदांविषयीं थोडक्यांत. चासीवर कोरलेला क्रमांक स्वतः डोळ्यांनीं वाचून नोंदणी पुस्तकाशीं ताडावा. खरवडलेला असल्यास तेथूनच परत फिरावें. बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५, हस्तांतरास २९ व ३०, परप्रांतांतली गाडी असल्यास २८, आणि वर महाराष्ट्राचा कर. दिल्लींत १० वर्षांवरील डिझेल गाड्यांस हरित लवादानें २०१५ सालीं व सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं बंदी केल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तांत इकडे येऊं लागल्या. त्या स्वस्ताईंत हा कर मिळवून मग बेरीज करावी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यापुढें तपासणी होऊन पांच-पांच वर्षांनीं वाढते. विमा आपल्या नांवें करून घेण्यास १४ दिवस, नोंदणीस ३०. नातेवाइकाकडून घेतली म्हणून हें लांबणीवर टाकूं नये. जुन्या नांवाच्या गाडीचा दंड जुन्या मालकाच्या घरीं जातो, आणि मग लग्नकार्यांत बोलणें बंद होतें.

पाण्याविषयीं तरुणांना कडक सांगावें लागतें. नव्या थारसाठीं कंपनीनें ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा सांगितली आहे. तो आंकडा स्थिर पाण्याचा आहे, आषाढांतल्या ओढ्याचा नव्हे. वाहतें पाणी ३० सेंटिमीटर झालें कीं लहान मोटार तरंगूं लागते, आणि ६० सेंटिमीटरांत बहुतेक गाड्या, या उंच गाड्यांसुद्धां, वाहून जातात. तळ दिसत नसेल तर थांबावें; सह्याद्रींतला ओढा जितक्या लवकर चढतो तितक्याच लवकर उतरतो, चहाचा थर्मास बरोबर असला म्हणजे झालें. समुद्राच्या पुळणीवर गाडी घालण्याची हौस तर आम्हांस मुळींच समजत नाहीं. भरतीची वाळू वरून टणक दिसते आणि खालून पिठासारखी असते, शिवाय वेळास, आंजर्लें अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यांत कासविणी अंडीं घालतात.

ठरविलेल्या रकमेचा पांचवा हिस्सा घेतांना खर्चूंच नये. तो पहिल्या महिन्याचा आहे. त्यांत आधीं टायर. टायराच्या कडेवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे; २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, रबर कडक होऊन चिरा पडल्या असल्यास तो ओल्या जांभ्यावर साबणासारखा घसरतो. चारही एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत, नाहींतर तोच ताण पुन्हा त्या लहान पेटीवर. नंतर तेलें: इंजिनाचें, गियरपेटीचें, लहान पेटीचें आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलांचें, सर्व एकाच दिवशीं बदलावींत. जुनें तेल फेकण्यापूर्वीं पांढऱ्या थाळींत ओतून उन्हांत धरावें. बुचाच्या चुंबकास लागलेली करडी भुकटी ही नेहमींची झीज होय, तिला भिऊं नये. चमकणारे तुकडे बोटास लागले, तर गाडी घाटाकडे न नेतां प्रथम गॅरेजांत न्यावी.