कोंबडीच्या खाद्यात लोण्याचं आणि खोबरेल तेलाचं ॲसिड कशासाठी मिसळतात?

कुजकट लोण्याचा वास आठवतोय? तो वास ज्याच्यामुळे येतो ते ब्युटिरिक ॲसिड आज कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात मिसळलं जातंय. सोबत खोबरेल तेलात भरपूर असलेलं लॉरिक ॲसिडही असतं. या फॅटी ॲसिडना अचानक मागणी का आली, याचं उत्तर अँटिबायोटिक्समध्ये आहे.

नेमकं प्रकरण काय?

जनावर आजारी नसतानाही ते लवकर वाढावं म्हणून खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक घालायची पद्धत जगभर होती. त्यातून औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात आणि ते माणसापर्यंत पोहोचतात. स्वीडनने 1986 मध्येच हे बंद केलं. युरोपियन युनियनमध्ये 1 जानेवारी 2006 पासून बंदी आली. भारताने जुलै 2019 मध्ये कोलिस्टिन या एका औषधाचा खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांमधला वापर थांबवला. माणसावर बाकीची औषधं चालेनाशी झाली की डॉक्टर जी शेवटची औषधं काढतात, त्यांपैकी हे एक.

औषध काढलं, पण आतड्यातले जिवाणू तिथेच राहिले. मग त्यांना आवरायचं कशाने?

ही ॲसिड काम कशी करतात?

दोघांची कामं वेगळी आहेत. लॉरिक ॲसिड जिवाणूच्या बाहेरच्या पडद्याला भोक पाडतं. कोंबड्यांचं आतडं सडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जिवाणूंवर ते चांगलं चालतं, ई. कोलायवर मात्र त्याचा जोर कमी पडतो.

ब्युटिरिक ॲसिड आतड्याच्या पेशींचं इंधन आहे. आतड्याच्या आत बोटांसारख्या बारीक उंचवट्यांची झालर असते आणि तिच्यातून अन्न रक्तात जातं. पेशी धडधाकट असतील तर झालर नीट वाढते, भिंतही घट्ट राहते. अडचण अशी की हे ॲसिड नुसतं दिलं तर वरच्यावरच शोषलं जातं, आतड्याच्या खालच्या भागापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून त्यावर चरबीचा लेप देतात, किंवा ट्रायब्युटिरिनच्या रूपात देतात. लेपाने वासही दबतो, नाहीतर खाद्याच्या गोदामात उभं राहणं अवघड!

गाई-म्हशींनाही द्यायचं का?

इथे गल्लत होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटातले जिवाणू चारा आंबवून ॲसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक ॲसिड स्वतःच बनवतात. गाईची बरीचशी ऊर्जा त्यातूनच येते. त्यामुळे कोंबडीच्या पुडीवरचा दावा दुभत्या गाईला जसाच्या तसा लागू होत नाही. लहान वासराचं कोठीपोट तयार झालेलं नसतं, तिथे ब्युटिरेटचा उपयोग होतो.

मग प्रश्न सुटला?

नाही. अँटिबायोटिक जितक्या हमखास परिणाम दाखवायचं, तितकी हमी फॅटी ॲसिड देत नाही. मात्रा, लेप, पिल्लांचं वय, सगळ्याने निकाल बदलतो. शेडमध्ये तूस ओलं असेल, पाणी घाण असेल, हवा खेळत नसेल, तर कुठलीही पुडी फार काही करू शकत नाही. युरोपातही बंदीनंतर नुसतं ॲसिड घालून भागलं नाही. गोठे, लसीकरण, पिल्लं आईपासून तोडायचं वय, सगळ्याकडेच पाहावं लागलं.

महाराष्ट्रात आणखी एक गुंता आहे. करारावरच्या पोल्ट्रीत पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनी देते. शेड, वीज आणि राबणं शेतकऱ्याचं. खाद्यात काय पडलंय हे तो ठरवत नाही, पण मरतूक वाढली किंवा किलोमागे खाद्य जास्त लागलं, तर त्याच्या हातात पडणारा पैसा कमी होतो. त्यामुळे औषध बंद करून ॲसिडवर यायचं ठरलं, तर पहिल्या एक-दोन खराब बॅचचा खर्च कोणाच्या माथी, हे करारात लिहिलेलं असणं ॲसिडच्या निवडीइतकंच महत्त्वाचं आहे.